मानसीच्या भिंतीला चाकं

किस्से काही शोधायला जावं लागत नाही. पापड वाळत घातलेत, कावळे राखायला आपण गॅलरीत बसलोय आणि खाली शेजारणीच्या पोरीने ऑफिस उघडलंय. मग ते आपोआप वर चढून येतात. एकावर एक बसतात. माझे कान चांगले आहेत, हा काय माझा दोष? आमचे हे म्हणतात, "पापड कधीच डब्यात गेले. आता कसली राखण चाललीये?"

ऑफिस मानसीचं. शेजारच्या शोभाची ही एकुलती एक मुलगी. आर्किटेक्ट झाली, मुंबईत नोकरीला लागली आणि वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून पेणला परत आली. घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं, दारावर पाटी लावली. बरेच दिवस लोक यायचे ते पाटी वाचायलाच. मग एकदम मोठं काम आलं. मेन रोडवर, जिथे रस्ता ओलांडताना देवाचं नाव घ्यावं लागतं, तिथे ऑफिसांची बिल्डिंग!

जागा खाडीकडच्या दोन भावांची. हिरामणकाका थोरले, बामाकाका धाकटे. बापाचं मिठागर वाटून घेताना मधल्या बांधावरून जुंपली, ती जुंपलीच. तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. जे काय बोलायचं ते तिसऱ्याला सांगून. मेन रोडची जागा तेवढी दोघांच्या नावावर एकत्र राहिलेली, म्हणजे होकार दोघांचा पाहिजे. गणपतीपर्यंत तो मिळाला नाही, तर पनवेलचा एक आर्किटेक्ट नकाशा तयार ठेवून बसलेला. आणि हे काम गेलं, की मानसी बंगळुरूची नोकरी घेणार. शोभा मला हे सांगत होती तेव्हा मेथी निवडत होती. देठं टोपात टाकत होती आणि पानं कचऱ्यात.

*

पहिली मीटिंग. दोघे भाऊ दोन टोकांना बसलेले. हिरामणकाका मानसीला म्हणाले, "त्याला विचार, चहा घेणार काय." बामाकाका पण मानसीलाच, "त्यांना सांग, घेऊन आलोय."

मानसीने मोठ्या हौसेने समजावलं. आत पक्क्या भिंती नाहीतच. खाली रूळ, भिंती सरकत्या. आज दोन मोठी ऑफिसं, उद्या चार छोटी, परवा सगळं मिळून एकच. भाडेकरू येतील तशी जागा. याला फ्लेक्सिबल म्हणतात.

हिरामणकाकांनी नकाशातल्या रुळांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "गो पोरी, आमच्या बांधाला पाय नव्हते, तरी तो चालत चालत माझ्यात आला. तू तर भिंतीला चाकं लावतेस!"

बामाकाका छताकडे बघून म्हणाले, "त्यांना सांग, माझ्यात आला."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. मधोमध विटांची भिंत पाहिजे. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. पनवेलवाल्याने तशीच दाखवली होती.

*

मानसी काही हार मानणारी नाही. म्हणाली, त्यांना पाहिजे तसंच काढून दाखवते, म्हणजे स्वतःच बघतील. मधे भिंत, दोन दरवाजे, दोन जिने, दोन लिफ्ट, दोन्हीकडे वेगळे संडास. जागा रस्त्याला अरुंद, त्यामुळे कागदावर सगळी गर्दी.

हिरामणकाकांनी चष्मा लावून विचारलं, "हे सगळं हाय. ऑफिस कुठं हाय?"

"तेवढ्यालाच जागा उरली नाही, काका."

हिला वाटलं, आता पटेल. हिरामणकाकांनी परत एकदा कागद निरखला. म्हणाले, "पण जिने झकास हायत."

*

रस्त्याच्या बाजूने मानसीने सगळी काच दाखवली होती. आमचे हे डोलवीला कंपनीत कंत्राटावर घासलेले. पर्मनंट करतो, पर्मनंट करतो ऐकत रिटायर झाले. हे चित्र बघायला मुद्दाम खाली गेले. मेन रोडवरून डंपर कसे जातात आणि मागे धूळ कशी उठते, ते आम्हाला वेगळं सांगायला नको.

यांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "ह्या बिल्डिंगीत पर्मनंट नोकरी एकालाच. काच पुसणाऱ्याला."

दुसऱ्या दिवशी काच निम्मी झाली. मी वरून बघितलं ना.

*

फ्लेक्सिबल म्हणजे काय हे पहिल्यांदा कळलं ते आमच्या गल्लीतल्या सुधीरला. त्याचा गणपतींचा कारखाना. त्याने एकच विचारलं, "जून ते भाद्रपद भिंती बाजूला करून हॉल करता येईल? मूर्ती ठेवायला?"

मानसी खुर्चीवरून उठलीच. इतक्या महिन्यांत पहिला माणूस असा भेटलेला! म्हणाली, का नाही, त्यासाठीच तर हे सगळं.

मग त्याने दरवाजाची उंची विचारली. तिने सांगितली. सुधीरने मान हलवली. "मुकुट अडकेल. वाढव."

तिने वाढवली. पुढे कोणी विचारलं की दरवाजा एवढा उंच कसा, तर ती सांगायची, "लाईट चांगला येतो."

*

मधे मानसीने एक डोकं लढवलं. भावांची बहीण रोह्याला, नदीपलीकडे अष्टमी गावात दिलेली. तिने सांगितलं तर ऐकतील म्हणून ही नकाशे बगलेत मारून तिच्याकडे गेली.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, जेवायला घातलं. मग म्हणाल्या, "मी भाऊबीजेला दोन खोल्यांत दोन पाट मांडते गो. एकाला ओवाळते, ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाते. नि तू भिंत हलवायला निघालीस?"

निघताना त्यांनी सुकट बांधून दिली. मानसीने पुडी नकाशांच्याच पिशवीत टाकली. पुढच्या मीटिंगला नकाशा उलगडला आणि खोलीभर वास! शोभा उदबत्ती शोधायला धावली. मानसीचं तोंड पडलेलं.

बामाकाकांनी मात्र नकाशा नाकाजवळ नेला. मानसीला म्हणाले, "त्यांना सांग, आज पहिल्यांदा कागद घरचा वाटतोय."

पण भिंत विटांचीच पाहिजे, हेही सांगून गेले. गणपती तोंडावर आलेले.

*

आता शेवटचं ऐका.

मानसीने ठरवलं, कागदावर कळत नाही ना, मग हातात देऊ. एका मजल्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. चांगलं टेबलभर. पांढरे शुभ्र खांब, समोरून मोकळं, वर छप्पर, आणि मधली भिंत खाचेत सरकणारी. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ दर्शनाला येणार होते. त्यांनी स्वतः भिंत सरकवून बघावी आणि काय तो निकाल द्यावा. तसा निरोपही गेला होता.

आता त्याच पोरीने आईला कबूल केलेलं, की यंदा मखर मी करणार. कामाच्या नादात ती साफ विसरली. चतुर्थीला पहाटे शोभा पुढच्या खोलीत गेली, तर टेबलावर पांढरं, खांबांचं, सुबक काहीतरी. तिला भरून आलं. तिने छप्पर काढून वरून मूर्ती बसवली, भिंत मूर्तीला लागेपर्यंत सरकवली, छप्पर परत ठेवून चिकटपट्ट्या मारल्या, माळा सोडल्या. मानसी अंघोळ करून येईपर्यंत गुरुजींनी प्राणप्रतिष्ठाही केलेली!

मानसीने कपाळाला हात लावला. "आई, हे ऑफिस आहे!"

गुरुजी ताम्हण पुसत म्हणाले, "आता भाडेकरू बसला. दीड दिवस हलायचा नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जनाच्या वेळेला दोघे भाऊ आले. एक या दारात, एक त्या दारात. उत्तरपूजा झाली, आरती झाली. दोघे आरतीलाही दोन टोकांना. बामाकाकांच्या खिशातून पनवेलचा नकाशा डोकावत होता. तो मानसीने बघितला, शोभाने बघितला आणि मीही बघितला. त्या संध्याकाळी मोदक कोणाला गोड लागला असेल असं मला वाटत नाही.

आमचे हे मूर्ती उचलायला पुढे झाले, तर मूर्ती निघेना. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला भिंत, मधे बाप्पांचा हात. वर छप्पर माळांनी आणि चिकटपट्ट्यांनी आवळलेलं. जोर लावला तर हात मोडणार. उत्तरपूजा झालेला गणपती आणि मोडलेला हात! शोभाने यांचं मनगटच धरलं.

"भिंत सरकवावी लागेल," मानसी हळूच म्हणाली. "दोन्ही टोकांनी. एकदम. वरून छप्पर दाबतंय, एकट्याने ढकलली तर वाकडी जाऊन अडकेल."

दोन टोकांना हे दोघेच उभे. नकाशे बघून बघून कोणतं अर्धं कोणाचं, हे दोघांना पाठ. बाप्पा बसलेले थोरल्यांच्या अर्ध्यात. भिंत जाणार धाकट्यांच्या.

हिरामणकाकांनी भिंतीला बोट लावलं आणि थांबले. सवयीने मानसीकडे वळले.

बामाकाकांनी आपल्या टोकाला हात घातला. मानसीकडे न बघता म्हणाले, "दादा, ढकल. येऊ दे माझ्यात."

"किती?"

"बाप्पा निघंपर्यंत."

भिंत सरकली. आवाजसुद्धा झाला नाही. मूर्ती आमच्या यांच्या हातात अलगद आली.

नदीवर विसर्जन झालं. शोभाने खोबऱ्याच्या खिरापतीचा डबा उघडला, तर द्रोण घरीच राहिलेले. बामाकाकांनी खिशातून घडी काढली, काठावर बसून मांडीवर पसरली. मधोमध मोठी काळी रेघ असलेला कागद. शोभाने त्या रेघेवरच खिरापतीची मूठ ठेवली. हिरामणकाका धोतर सावरत शेजारी टेकले, आणि दोघे एकाच कागदावरून खायला लागले.

मानसीला राहवेना. "काका, तो कागद..."

हिरामणकाकांनी तिच्या हातावर खोबरं ठेवलं.

"गप गो. प्रसाद खा."