देवाच्या डबीतली गोळी

आमच्या घरातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत, असं सीमेवरच्या आमच्या ठाणाकुशनूर गावात लोक उघड बोलायचे. वडील तुरीच्या रानात बसल्या जागी गेले, चुलते भर बाजारात. त्यामुळे अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, बांधावरून चालताना धाप लागायला लागली तेव्हा मायनं त्याच्या हातातलं खुरपं तेवढं काढून घेतलं.

मला बसवकल्याणला दिलेली. गावात मोबाईल नुकते आले होते; त्यावर निरोप आला आणि आम्ही अण्णाला गुलबर्ग्याला नेलं. डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी केली. हृदयाचा स्नायू जाड झालाय, हा दोष जनुकातून उतरतो, बापाकडून लेकराकडं, असं ते कन्नडमध्ये सांगत होते आणि मी मायला मराठीत. खाण्यापिण्यानं काही फरक पडेल का, असं मी विचारलं. डॉक्टर बोलके होते. म्हणाले, बियाणं बदलता येत नाही, पण खतपाण्यानं पिकात फरक पडतो ना, तसं काहीसं असेलही. हळदीतला, लसणातला, पालेभाजीतला एखादा अंश अशा जनुकांचं काम कमीजास्त करतो का, हे सध्या उंदरांवर बघतायत. माणसाचं अजून काही खरं नाही. तुम्ही मीठ कमी करा, जड उचलू नका आणि गोळी एक दिवसही चुकवू नका.

एवढ्या बोलण्यातून मायनं हळद तेवढी उचलली.

आम्ही मूळचे मेंढरामागचे लोक. आमच्या घरात लेकराच्या जिभेला दुधाआधी भंडारा लागतो. भंडारा म्हणजे देवाची हळद. देव्हाऱ्यात पितळी डबीत असते. दिवाळीला मी माहेरी गेले, तर अण्णाचे पाय सुजलेले, बोलतानाही दम लागत होता. कोनाड्यात गोळ्यांची पाकिटं न फोडता पडलेली. माय त्याला सकाळ-संध्याकाळ दुधातून भंडारा पाजत होती.

“गोळ्या कामून खाईनास?” मी ओरडले.

“देवाचं खायलोय की,” अण्णा म्हणाला. “दोन्ही खाल्लं तर देवावर भरवसा न्हाई असं व्हतंय.”

“डाक्टरच म्हनला न्हाई का, हळद म्हणून?” माय म्हणाली.

राग माझ्या नाकावरच असतो. मी डबीतली चिमूट पेल्यातल्या पाण्यात टाकली. पाणी पिवळं झालं आणि तळाशी पांढरा गाळ बसला. “ही जत्रंत उधळायची भेसळीची पूड हाय, माय. वरणात घालतो ती हळद येगळी. अन् तीबी औषध न्हाई.” मायनं पेल्यात बोट घालून तळचा गाळ चाचपला. मला तिची कीव आली आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी अण्णाला गुलबर्ग्याला भरती केलं. सूज उतरली. डॉक्टर खूप रागावले, पण ते मी मायला मराठीत सांगितलं नाही. तिला तसंही कळलं होतं. घरी आल्यावर मात्र अण्णा पुन्हा गोळी बघून तोंड फिरवायला लागला. मी डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

शेवटी मायनंच वाट काढली. तिनं पितळी डबी चिंचेनं घासली, घरी कुटलेल्या हळदीचा भंडारा वाटीत काढला आणि डबीत गोळ्या भरल्या. पूजा झाली की अण्णाच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि डबीतली गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची. देवाच्या डबीतून आलेलं आमच्यात कुणी नाकारत नाही. अण्णानं ती कपाळाला लावली आणि गिळली.

गावाच्या नाकावर टिच्चून अण्णानं पन्नाशी ओलांडली. त्या वर्षी मी गेले तेव्हाही सकाळी तसंच चाललं होतं. मी हसत म्हणाले, “माय, तू तर डाक्टराच्या वर गेलीस.”

ती हसली नाही. डबीचं झाकण लावत म्हणाली, “तुझा बाप व्हता तवाबी ही डबी हितंच व्हती. हिच्यात काय ठिवावं, कुणी सांगितलंच न्हाई गं.”