डॅनियलने वाद सोडला तेव्हा

रूथवहिनींचा फोन आला तेव्हा मी राहुरीच्या आमच्या ऑफिसचं कुलूप उघडत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी प्रार्थना म्हणत होतं... मी किल्ली कुलपात तशीच ठेवली आणि गाडी कोल्हारच्या रस्त्याला लावली. डॅनियल आता फार दिवसांचा सोबती नाही हे मला आधीच कळलं होतं. डॉक्टरांनी नव्हतं सांगितलं. त्याने लिहिलेल्या कोडवरून कळलं होतं.

नगरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो आणि पुढे दोघांनी मिळून हे छोटंसं ऑफिस थाटलं. उसाच्या, डाळिंबाच्या रानात बसवलेली यंत्रं जमिनीतली ओल मोजून पाठवत. आमचा प्रोग्रॅम त्या नोंदी फाईलमध्ये उतरवून घेई आणि पाणी सोडायचं की नाही ते शेतकऱ्याच्या मोबाईलवर कळवी. ही फाईल लिहायची कशी, यावरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. माझं म्हणणं, नोंदी आधी गोळा कराव्यात आणि शेवटी एकदाच फाईल उघडून सगळं लिहून टाकावं. कोड वाचायला सोपा, चूक शोधायला सोपी. डॅनियलचं म्हणणं, नोंद आली की तिथल्या तिथे लिहायची, मगच पुढची घ्यायची. "तुझा कोड दिसायला लई देखणा आहे रे," तो ओरडायचा, "पण मधेच लाईट गेली तर गोळा केलेलं जाईल कुठे? तुझ्या खिशात?" आवाज मुळातच मोठा. चर्चमध्ये तो गायला लागला की शेजारचे आपोआप हळू व्हायचे. आमची बाचाबाची ऐकून खालचा चहावाला वर यायचा, "काय झालं साहेब?" विचारायचा आणि आम्ही दोघं हसत सुटायचो. दुसऱ्या दिवशी तो माझा कोड बदलून ठेवी, मग मी त्याचा.

मग त्याचा आवाज बसला. धूळ असेल, थंडी असेल म्हणत त्याने अंगावर काढलं... निदान झालं तोवर गाठ वाढली होती. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. श्वासासाठी गळ्याला भोक आणि त्यावर पातळ रुमाल, असा तो ऑफिसात परत आला. त्याने खुर्ची ओढली, माझा कोड उघडला आणि टाइप केलं, "अजून असंच लिहितोस? लाज कशी वाटत नाही?" मी हसलो. त्याचेही खांदे हलले, पण आवाज आला नाही. ते बघवत नव्हतं. तिथून पुढे आमचं भांडण कोडमधल्या टिपांमध्ये चाललं. मी काही लिहायचो, तो खाली उत्तर द्यायचा, शिव्यांसकट.

एका सकाळी मी कोड उघडला, तर फाईल लिहिण्याचा सगळा भाग माझ्या पद्धतीने करून ठेवलेला. टिपा पुसलेल्या. खाली एवढंच: "पुढे तुलाच सांभाळायचंय. तुला सोपं पडेल असं केलंय."

मी जिन्यात येऊन बसलो आणि वहिनींना फोन लावला. "फुप्फुसात पसरलंय, भाऊजी. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

त्यानंतर कोल्हारला त्याच्या घरी जात राहिलो. एकदा मी चिडून म्हणालो, "तुझंच बरोबर होतं. मी सगळं परत तुझ्यासारखं करतो." त्याने मान हलवली आणि मोबाईलवर लिहिलं, "नको. आता भांडायला दम नाही." मग आम्ही तो विषय काढला नाही. शेवटी शेवटी त्याला मोबाईलही धरवेना. मी नुसता बसून यायचो.

कोड त्याने ठेवला तसाच चालू आहे. काही अडचण नाही. मला मात्र तो उघडवत नाही.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो होतो. स्वयंपाकघर सोडून त्या दारातच मेथी निवडत बसल्या होत्या. डॅनियलची खाट होती तो मधल्या खोलीचा कोपरा तिथून दिसतो. डॅनियलला हाक मारता यायची नाही, म्हणून आजारपणात त्यांनी आपली सगळी कामं त्या दारात आणली होती. हात चालू ठेवून जरा जरा वेळाने त्याच्याकडे बघून घ्यायच्या. आता खाट उचलली आहे, कोपरा झाडून घेतलेला आहे. आम्ही त्यांच्या मुलीच्या शाळेविषयी बोलत होतो. बोलता बोलता वहिनींनी मान वर केली, कोपऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मेथीची जुडी हातात घेतली... थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा पाहिलं.