मुंडाशातला काटा

शेरडांच्या वाड्याला कुंपण घालायचं होतं. बाभळीच्या फांद्यांचा भारा डोक्यावरून नेताना मी बांधावरून घसरले आणि एक काटा कानाखाली मानेत घुसला. वडिलांनी मला उन्हात बसवलं, सुईनं कातडं उकरलं, चिमट्यानं काटा ओढला आणि म्हणाले, "निगाला." वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत काटा काढावा तर वडिलांनीच. शेजारच्या वाड्यांवरूनही माणसं लंगडत यायची. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रुईचा चीक लावून मी पुन्हा शेरडांमागे गेले.

महिन्याभरात मान सुजली. मग ताप आला, पू आला, तोंड उघडेना. पेज गाळून प्यायची. बायाबापड्यांनी परस्पर ठरवून टाकलं, गंडमाळ! गळ्याभोवती गाठींची माळ उठवणारा तो लागट रोग. शेजारणी आपल्या पोरींना माझ्याजवळ बसू देईनात. मला असा संताप यायचा, पण शिव्या द्यायलाही तोंड उघडावं लागतं ना! वडील मात्र कुणाला हो म्हणत नव्हते की नाही. जेवतही नव्हते.

शेवटी मला बैलगाडीत घालून भोरच्या दवाखान्यात नेलं. तेव्हा भोरला संस्थान होतं. वाडीतले चौघे सोबत आले. डॉक्टर म्हातारे, हाताचे हलके. त्यांनी मान दोन्ही बाजूंनी चाचपली.

"गंडमाळेसारखं दिसतंय खरं. पण एकाच ठिकाणी? इथं काही लागलं होतं का?"

मी खुणेनंच सांगितलं, काटा घुसला होता, पण वडिलांनी काढला. तेवढ्यात वडिलांनी सगळ्यांसमोर मुंडासं सोडलं. घडीतून एक काटा काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवला. इतके दिवस तो डोक्यावर वागवत होते.

"टोक न्हाई ह्याला. आतच मोडलं. म्या तवाच वळाकलं हुतं, पर नाव जाईल म्हनून बोललो न्हाई. चूक माजी हाय, सायेब."

सोबतच्यांपैकी कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. डॉक्टर रागावले नाहीत. काटा निरखत म्हणाले, "मोठी रक्तवाहिनी इथूनच जाते. अंदाजानं चाचपडत बसलो असतो तर पोर हाती लागली नसती. कुठून शिरला, कसा शिरला, दाखवा." वडिलांनी स्वतःच्या मानेवर बोट तिरपं टेकवून दाखवलं. मग मला भूल दिली. शुद्धीवर आले तेव्हा बशीत काळं पडलेलं टोक होतं आणि वडील पायाशी बसून रडत होते.

त्या डॉक्टरांना मी जन्मभर हात जोडत आले. वडिलांना मात्र काकणभर जास्तच. चारचौघांत आपलं नाव घालवणं सोपं नसतं, ते त्यांनी माझ्यासाठी केलं.

घरी आल्यावर बरेच दिवस काटा काढायला कुणी फिरकलं नाही. मग एक धनगर लंगडत आला आणि त्यानं पाय पुढे केला. वडिलांनी सुई हातात घेतली.

"काडतो. पर टोक आलं न्हाई, तर तसं सांगीन."

"म्हनून तर आलो," धनगर म्हणाला.