वातींचं घरटं

मानपाड्याला आमच्या सोसायटीच्या बागेत खारी फार वाढल्या होत्या. चिकू कुरतडायच्या, केबलही सोडायच्या नाहीत. मी सेक्रेटरी. चार जणांनी तक्रार केली की मला कर्तृत्वाचा झटका येतो. उंदरांच्या पिंजऱ्यात खोबरं लावलं, एक खार पकडली आणि स्कूटरवरून थेट कोलशेतच्या खाडीकाठी सोडून आलो. मारली नाही, लांब सोडली, म्हणून परतताना स्वतःवर खूश होतो.

आईने देवाला लाख वाती बोलल्या होत्या. रोज दुपारी खिडकीशी बसून ती वाती वळायची, आणि एक खार त्यातल्या पळवायची. आई म्हणायची, "नेऊ दे रे, तिचाही काही नवस असेल."

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, "आज एकही वात गेली नाही. कुठे राहिली ती?"

मी खिडकीतून बाहेर वाकलो. एसीच्या बाहेरच्या पेटीमागे पाहिलं, तर वातींचंच घरटं. आत डोळे न उघडलेली तीन पिल्लं. दोन गार पडली होती.

तिसरं आईच्या ओंजळीत ठेवून मी पिंजरा घेऊन पुन्हा कोलशेत गाठलं. संध्याकाळपर्यंत झाडाझाडाखाली खोबरं दाखवत फिरलो. सगळ्या खारी सारख्याच दिसतात, हे मला पन्नाशीत कळलं.

घरी आलो तेव्हा आई तशीच ओंजळ धरून बसली होती.

"आता नको शोधूस," ती म्हणाली.

पुढे लाख वाती भरल्या, तेव्हा आईने घरट्यातल्या वातीही त्यात मोजल्या.