पेटीसोबत एकदा

पंचावन्न वर्षं झाली असतील. बालाघाटच्या आमच्या मंडळाने एक जुनं संगीत नाटक पुन्हा बसवायला घेतलं होतं आणि गाणारा नायकच मिळत नव्हता. मी पेटीवर होतो.

एका रविवारी उकव्याच्या खाणीतला एक कामगार निवडीला आला. नखांत मँगनीजची काळी भुकटी, अंगात स्वच्छ धुतलेला सदरा. सतरंजीच्या अगदी कडेला बसून, डोळे मिटून त्याने नायकाचं पद असं गायलं की तबलजी ठेका धरायचंच विसरला.

दिग्दर्शक उठलेच. "नायक भेटला! उद्यापासून तालमीले या."

तो हसला. "नाई जमनार, साहेब. खदानीची पाळी सुटत नाई."

"मंग आले काहून तुमी?"

"बापानं शिकवलं हे पद. जंगलात लय गायलो. पेटीसंग कसं वाटते, एकडाव पाहाचं होतं."

पेटीला हात लावून त्याने नमस्कार केला आणि तो बसस्टँडकडे निघून गेला.

शेवटी शाळेतले एक मास्तर नायक झाले. प्रयोग बरा झाला, टाळ्याही पडल्या. फक्त त्या पदाला माझी बोटं नकळत त्या कामगाराच्या उंच पट्टीवर गेली, आणि मास्तरांनी माझ्याकडे काकुळतीने पाहिलं.