फोटोच्या दिवशीचा गोळाभात

आमच्या घरात एक्स-रेला एक्स-रे कोणी म्हणत नसे. फोटो म्हणत. "सुनेले फोटो काढाले नागपूरले नेऊन राह्यला माहा पोरगा," असं सासूबाई शेजारपाजारी इतक्या सहज सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, मी नटूनथटून स्टुडिओत चालले आहे. निघायच्या दिवशी त्या मला दारात हटकून अडवत. "काऊन वं, फोटो काढाले चालली अन् केस पाह्य कसे झाले! विंचरून तं जाय." छातीच्या आतल्या फोटोत केस दिसत नाहीत, हे मी त्यांना चार वेळा समजावून सांगितलं. पाचव्या वेळी मुकाट्याने वेणी घातली.

ही ऐंशी सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. मी आर्वीजवळच्या तळेगावला शाळेत शिकवत होते, आमचे हे भाजीपाल्याची शेती करत होते, आणि मुलगी आर्वीला मामाकडे राहून दहावीचा अभ्यास करत होती. त्याआधी दोन वर्षं माझ्या उजव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. नागपूरच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, मग कोबाल्टच्या किरणांचा शेक झाला. सगळं आटोपल्यावर डॉक्टर म्हणाले, आता दर सहा महिन्यांनी यायचं, तपासणी करायची आणि छातीचा फोटो काढायचा, आजार परत कुठे डोकं वर काढतोय का ते बघायला. म्हणजे वर्षातून दोनदा माझी परीक्षा, आणि अभ्यास करायची काही सोय नाही. इतकी वर्षं पोरांच्या परीक्षा घेतल्या, त्याचा कोणीतरी सूड उगवत असणार, अशी माझी खात्री होती.

भीती पंधरा दिवस आधी यायची. भीती म्हणजे भीतीच, तिला दुसरं नाव द्यायचं कारण नाही. फळ्यासमोर खडू धरून उभी राहायचे आणि नवाच्या पाढ्यात अडकायचे. साधा खोकला आला तरी रुमाल उलगडून तपासायचे. मनातल्या मनात मी देवाशी घासाघीस करायचे. आधी म्हणायचे, पोरीचा दहावीचा निकाल तेवढा बघू दे. फोटो चांगला निघाला की मागणं वाढायचं, कॉलेज बघू दे, लग्न बघू दे. देवानेही मला चांगलंच ओळखलं असेल.

पहिल्या तपासणीच्या वेळी तर मी तीन दिवस अन्नाला शिवले नव्हते. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. तेव्हा सासूबाई चुलीपुढे बसून म्हणाल्या, "त्या बिमारीनं मेली नाई तं उपाशी मरशीन. मंग लोक म्हनतीन, सासूनं मारली. मले नोको बदनाम करू." आणि त्यांनी गोळाभात टाकला.

गोळाभात आमच्याकडे घरोघरी होतो, पण सासूबाईंच्या हातचा वेगळा. चण्याच्या डाळीचा जाडा भरडा, त्यात तिखट, हळद, मीठ, हिंग, वर कडकडीत तेल घालून घट्ट भिजवायचा, त्याचे लिंबाएवढे गोळे वळायचे आणि अर्धवट शिजलेल्या भातात ठेवून झाकण घालायचं. भाताबरोबर गोळेही वाफेवर शिजतात. पानात गोळा फोडून भातात कालवायचा आणि वरून मोहरी-हिंगाची, लाल मिरचीची फोडणी अशी ओतायची की ती पानात चरचरली पाहिजे. त्या दिवशी ती चरचर ऐकली आणि मला चक्क भूक लागली. दोन वेळा मागून घेतला. फोटोही चांगला निघाला. तेव्हापासून घरात कायदा झाला, फोटोच्या दिवशी गोळाभात.

ज्या फोटोची गोष्ट सांगायची आहे तो चौथा. हिवाळा होता. शनिवारी नागपूरला गेलो, फोटो काढून झाला, पण मोठे डॉक्टर बाहेरगावी गेलेले. खिडकीवरच्या माणसाने फोटोचं मोठं खाकी पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "सोमवारी घेऊन या." दोन दिवस माझा निकाल माझ्याच घरात राहणार आणि मला तो वाचता येणार नाही! एवढी शिकलेली मी, त्या एस.टी.त पाकीट मांडीवर घेऊन अगदी अडाण्यासारखी बसले होते.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा सासूबाई परातीत भरडा मळत होत्या. मी पाकीट ओसरीतल्या खाटेवर ठेवलं आणि हातपाय धुवायला मागे गेले. मग आम्ही जेवलो. फोडणी चरचरली, पण मी कसाबसा एक गोळा संपवला.

रविवारी सकाळी माझ्याने राहवलं नाही. ओसरीत कोणी नव्हतं. पाकिटातून फोटो काढला आणि अंगणातल्या उन्हाकडे तोंड करून वर धरला. फासळ्या दिसल्या. मध्ये काळजाची पांढरट सावली दिसली. आणि त्या सावलीवर, अगदी काळजाच्या जागी, रुपयाएवढा काळा डाग. दुसऱ्यांदा नीट बघायचा धीर झाला नाही. फोटो पाकिटात कोंबला आणि न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. कोणाला सांगायचं नाही, सोमवारपर्यंत तरी घर सुखात राहू दे, असं ठरवलं.

पण घराचं काहीतरी बिघडलं होतं. दुपारी हे मळ्यातून आले आणि ओट्यावर वांगी ठेवली. ती वांगी मी एकेक उचलून, उलटीपालटी करून बघितली. भाजीपाला पिकवणाऱ्याच्या घरात चांगली वांगी कधी शिजत नाहीत. चांगली बाजारात जातात. घरी येतात ती वाकडी, डागी, किडकी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी किडकंच चिरत आले होते. आणि आज ही समोर एकजात गोल, जांभळी, चकचकीत, देठाला काटे ताजे.

"ही बाजारात नाही पाठवायची?" मी विचारलं.

"असू दे. तू खाय," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता विहिरीकडे गेले. मी समजले. यांनीही फोटो पाहिला होता.

सासूबाईंचं तर त्याहून कठीण. एरवी त्यांचं तोंड दिवसभर चालायचं. कणीक सैल झाली, सांबार, म्हणजे कोथिंबीर, नीट निवडला नाही, मास्तरीण झाली म्हणून काय झालं. त्या दिवशी माझ्या हातून दूध उतू गेलं, सगळी चूल विझली, आणि त्या म्हणाल्या, "राहू दे बाई, बस तू." बाई! मला त्यांनी जन्मात बाई म्हटलं नव्हतं. वर पुन्हा गोळाभात केला. माझ्यासाठी, लागोपाठ दुसऱ्या दिवशी. मला वाढलं, यांना वाढलं. "तुम्ही?" म्हटलं तर म्हणाल्या, "आज माहा उपास हाये." रविवारी त्यांचा कसला उपास, हे विचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही. मी आपली गोळा चिवडत बसले होते आणि मनात म्हणत होते, भांडा हो माझ्याशी, काहीतरी बोला. कोणी आपल्याशी गोड वागलं म्हणून इतकी घाबरगुंडी उडालेली मी पहिलीच असेन.

सोमवारी नागपूरच्या वाटेवर हे खिडकीबाहेर बघत बसले आणि मी शेजारी मैलांचे दगड मोजत राहिले. डॉक्टरांनी फोटो दिव्याच्या पेटीवर लावला तसा माझा धीर सुटला.

"डॉक्टर, तो काळा डाग मी पाहिलाय. काय असेल ते सरळ सांगा."

हे गर्रकन माझ्याकडे वळले. "तुले कवा दिसला?"

"काल सकाळी. आणि तुम्हाला?"

"कालच. तू न्हाणीत होती तवा."

"कुठला डाग?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी फोटो खाली काढला, तिरपा धरला, डोळे बारीक केले. मग नखाने डाग खरवडला. उजेडापुढे काळी दिसणारी, पण खरी पिवळट अशी एक खपली टेबलावर पडली. डॉक्टरांनी ती बोटावर घेतली आणि चक्क हुंगली.

"बाई, हे बेसन आहे का हो?"

"चण्याच्या डाळीचा भरडा आहे," मी म्हटलं. अशा वेळीही चूक दुरुस्त केल्याशिवाय राहवेना. "बेसन नव्हे."

"हिंग झकास आहे," डॉक्टर म्हणाले आणि असे हसत सुटले की नर्सलाही बोलावून दाखवलं. मग फोटो पुन्हा लावून मला समजावून सांगितलं, की आजार असता तर तो पांढरा दिसला असता. तुम्ही उलट्याच रंगाला भ्यालात. "फुप्फुसं एकदम साफ आहेत. सहा महिन्यांनी या. आणि येताना गोळा डब्यात आणा, फोटोवर नको."

बाहेर आल्यावर मी हसत होते की रडत होते ते मलाच कळेना. परतीच्या वाटेत कोंढाळीला गाडी थांबली तेव्हा आम्ही दोघांनी गरम भजी खाल्ली, मग आणखी मागवली. चौथं भजं तोंडात असताना हे एकदम थांबले. "माय," म्हणाले. मीही तेच म्हणणार होते, रविवारचा तो उपास मला आता कुठे आठवला होता.

घरी सासूबाई ओट्यावर बसून होत्या. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले.

"काय म्हने डाक्टर?"

"साफ आहे म्हणाले."

"अन् थो डाग?"

"कोणता डाग, आई?"

"मले नोको शिकवू. रविवारी सकायी उजेडात पायला म्या. काळाभोर, अस्सा काळजावर."

मी त्यांच्याजवळ बसले. "आई, शनिवारी गोळे वळता वळता फोटो कोणी काढून पाहिला?"

त्यांनी आपला उजवा अंगठा डोळ्यांजवळ नेऊन उलटासुलटा करून बघितला. वाटलं, आता रडतील. मलाच भरून आलं होतं.

"म्हंजे," त्या शेवटी म्हणाल्या, "म्या दोन दिवस उगाच उपाशी काढले?"

दोन दिवस ही बाई आम्हाला भात वाढत होती आणि स्वतः पाण्यावर होती. त्यांना मिठी मारावी असं फार वाटलं, पण आमच्याकडे सुना सासवांना मिठ्या मारत नाहीत. मी उठले आणि भरडा काढला. फोटोचा गोळाभात त्या दिवशी पहिल्यांदा मी केला आणि त्यांना पुढ्यात बसवून वाढला.

"गोळे केवढाले वं हे? माणसाले मारतं का?" पहिल्याच घासाला त्या म्हणाल्या. "अन् फोडनीत हिंग टाकलं का नाई? मास्तरीण झाली, पन हात काई वळला नाई." असं म्हणत तीन गोळे खाल्ले आणि चौथा मागितला. मी कान भरून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी बघते तर ओट्यावर वांगी. दोन वाकडी, एक उन्हाने भाजलेलं, बाकीची किडकी. चांगली सगळी पहाटेच आर्वीच्या बाजारात गेली होती. मी विळी पुढे ओढली, मनापासून हसले, किडलेला भाग तेवढा कापून टाकला आणि बाकीची फोडणीला घातली.