नैवेद्याच्या वाटीतलं दूध

आपल्या शब्दावर कुणी शंका घेतली की अप्पा उजवा तळहात छातीवर, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या पेटीवर ठेवत आणि म्हणत, "आमी खोटं बोलत न्हाय की ओ!" तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याचा आवाज चढत नाही, पण त्याला खोटं ठरवणं जड जातं.

अप्पा माझे शेजारी. सोलापुरातल्या एका चादरीच्या दुकानात त्यांची हयात गेली. थायरॉईडचं दुखणं निघाल्यापासून भर एप्रिलमध्ये, रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं असताना, ते स्वेटर घालून कट्ट्यावर बसत. "लई चादरी इकल्या मास्तर," ते मला म्हणत, "आता त्या समद्या गिऱ्हाइकांची थंडी माज्या अंगात शिरली." हे सांगून हसत, पण चेहरा सुजलेला असे आणि जिना चढताना मध्येच थांबत.

दवाखान्यात मी त्यांना स्कूटरवरून नेत असे. गोळी चालू असूनही रक्ततपासणीतला टीएसएचचा आकडा खाली येईना. डॉक्टर रिपोर्टवरची नजर न काढता म्हणाले, "गोळ्या चुकवताय तुम्ही."

"एक बी न्हाय चुकवली."

"उपाशीपोटी घेता?"

"व्हय. उपाशीपोटीच."

"मग काय रिपोर्ट खोटा आहे? डोस वाढवतो."

तळहात छातीवर गेला. "वाढवू नका, साहेब. आधी म्या रोज घेतो ह्ये माना. मग काय वाढवायचं ते वाढवा."

"मानण्यावर औषध चालत नाही, आजोबा," डॉक्टर म्हणाले. मात्र बऱ्याच वादानंतर कबूल झाले: काही आठवडे जुनीच गोळी, पुन्हा तपासणी, आणि आकडा हलला नाही तर डोस वाढणारच.

परतताना मी वैतागून म्हणालो, "अप्पा, वाढवू द्यायचा होता. तुमच्याच भल्याचं होतं."

"मास्तर, तुमाला बी वाटतंय म्या चुकवतोय?"

मी नाही म्हणालो. जरा जास्तच घाईने म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांची समजूत काढावी म्हणून मी गेलो. पूजा संपत आली होती. अप्पांनी नैवेद्याची वाटी उचलली, गोळी जिभेवर ठेवली आणि वाटीतलं दूध एका दमात पिऊन टाकलं.

"अप्पा, हे दूध?"

"प्रसाद हाय की. तुमाला बी देऊ?"

"अहो, गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते! दुधाबरोबर ती अंगी लागत नाही."

"अय्यो! पोट रिकामंच हाय की ओ. प्रसादाला कुणी खाणं म्हणतं का?"

डॉक्टरांच्या प्रश्नाला त्यांनी खरं तेच उत्तर दिलं होतं. दुधाचं मात्र त्यांना कुणी विचारलंच नव्हतं; मीही नाही.

त्यानंतर पूजा होताच अप्पा पाण्याबरोबर गोळी घेत आणि वाटीवर ताटली झाकून तासभर बसून राहत. प्रसाद ताटकळत ठेवण्याचं त्यांना फार लागे. "माफ कर रे बाबा," ते पेटी मिटताना पुटपुटत, "डागदरचा हुकूम हाय."

पुढचा रिपोर्ट चांगला आला, जुन्याच गोळीवर. डॉक्टर खूश झाले. "बघा, नियमित घेतलं की आकडा कसा खाली येतो!"

"डॉक्टर, ते दुधामुळे..." मी सुरुवात केली, पण त्यांनी पुढच्या रुग्णासाठी घंटी दाबली होती.

अप्पा उभे राहिले. तळहात छातीवर. "आधी बी रोजच घेत व्हतो, साहेब."

"हो, हो," डॉक्टर म्हणाले, नजर पुढच्या फाईलवर.

बाहेर आल्यावर अप्पा स्कूटरवर बसेनात. "आत जाऊन तुमी तरी सांगता का त्यास्नी?"

"जाऊ द्या ना अप्पा. बरे झालात, तेच महत्त्वाचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते मागे बसले.

पुढे दुधनीहून त्यांची लेक आली आणि त्यांना कायमचं घेऊन गेली. स्टँडवर मी पोहोचवायला गेलो होतो. अप्पांच्या अंगात स्वेटर नव्हता, चेहऱ्यावरची सूज उतरली होती. गाडी सुरू झाली तेव्हा अप्पा खिडकीतून काहीतरी बोलले. इंजिनाच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही. फक्त काचेमागचा तळहात छातीवर गेलेला दिसला.

मी खालून दोनदा मान डोलावली. गाडी वळली तरी तो तळहात तिथेच होता.